आंबलेले अंग आणि लागलेला दम : स्नायुवेदना व श्वसन यांच्या संबंधविचाराचा इतिहास

१

व्यायामाची सवय नसलेल्या माणसाने एखादे दिवशी शे-सव्वाशे बैठका मारल्या, अथवा उंच गड चढून तो झपाझप उतरला, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या मांड्या भरून येतात. उठता-बसताना कळ येते आणि जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो. हा अनुभव सर्वपरिचित आहे. त्याच्याशी निगडित असलेली दुसरी गोष्ट मात्र सहसा लक्षात येत नाही. अशा अवस्थेत तोच माणूस नेहमीचे काम नेहमीच्याच गतीने करू लागला, तर त्याचा श्वास नेहमीपेक्षा अधिक वाढतो. दुखणे मांडीत आहे, फुफ्फुसात नाही. मग श्वास का वाढावा?

प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याच्या उत्तराचा इतिहास पाहू लागल्यास शरीरविज्ञानातील एका जुन्या आणि मोठ्या वादाशी तो जोडलेला आढळतो. हालचाल सुरू झाली की श्वास वाढतो, हे कोणाच्या आज्ञेने, रक्ताच्या की मज्जातंतूंच्या, असा तो वाद आहे. व्यायामोत्तर स्नायुवेदनेचा अभ्यास आणि व्यायामकालीन श्वसनाचा अभ्यास हे दोन प्रवाह दीर्घकाळ स्वतंत्रपणे वाहत होते. ते एकत्र आले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. प्रस्तुत लेखात या दोन प्रवाहांचा मागोवा घेऊन, त्यांच्या संगमातून काय निष्पन्न झाले हे पाहावयाचे आहे.

भाषेच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर एवढेच, की या इतिहासात वस्तूंच्या नावांनी पुष्कळ काम केलेले आहे. काही वेळा उपकारक, काही वेळा अपकारक.

२

प्रथम नावांचाच विचार करू. अतिश्रमानंतर येणाऱ्या वेदनेला मराठीत अनेक शब्दप्रयोग आहेत. ‘मांड्या भरून येणे’ यात जडपणाची कल्पना आहे. ‘अंग मोडून येणे’ यात तुटण्याची, भंगण्याची कल्पना आहे. ‘अंग आंबणे’ या प्रयोगात मात्र वेगळीच प्रतिमा आहे. पीठ आंबते, ताक आंबते, तसे चालून चालून पायही आंबतात. श्रमाने शरीरात काहीतरी आंबट उत्पन्न होते, अशी जाणीव या रूपकाच्या मुळाशी असावी असे वाटते. निदान आजचा वाचक हे रूपक तसेच उलगडतो.

जर्मन भाषेतील शब्द पाहावा. तेथे या वेदनेला ‘मुस्केलकाटर’ म्हणतात. ‘काटर’ म्हणजे आदल्या रात्रीच्या मद्यपानानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी येणारी जडावस्था. हा शब्द वेदनेचे कारण सांगत नाही, पण तिचा काळ अचूक सांगतो : भोग आज आणि प्रायश्चित्त उद्या. इंग्रजीतील ‘सोअरनेस’ हा शब्द केवळ दुखरेपणा सांगतो. त्यामुळे पुढे शास्त्रज्ञांना त्यामागे ‘विलंबाने सुरू होणारी’ अशा अर्थाचे विशेषण लावून आपली संज्ञा पुरी करावी लागली. सारांश, एका भाषेने कारणावर बोट ठेवले, दुसरीने काळावर, तिसरीने संवेदनेवर.

श्वासाच्या बाजूला मराठीतील ‘दम’ हा शब्द असाच लक्षणीय आहे. मूळ फारशी, अर्थ श्वास. परंतु मराठीत आल्यावर त्याने श्वास आणि सामर्थ्य या दोहोंना एका सूत्रात ओवले. दम लागतो, दम खातात, दम धरतात, आणि ज्याच्यात सामर्थ्य नाही त्याच्यात ‘दम नाही’ असेही म्हणतात. श्रमाचे माप श्वासाने घ्यावयाचे, ही दृष्टी आपल्याकडे जुनीच आहे. सुश्रुतसंहितेत व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगून, ती मर्यादा ओळखण्याची जी खूण दिली आहे ती वायू मुखाशी येण्याची, म्हणजे धाप लागण्याचीच आहे. चरकसंहितेत श्वासाच्या पाच प्रकारांपैकी क्षुद्रश्वास हा श्रमाने उद्भवणारा व फारसा त्रासदायक नसलेला प्रकार मानला आहे. तर अंग दुखण्याला अंगमर्द असे निराळे नाव असून त्याचे शमन करणाऱ्या द्रव्यांचा वर्ग निराळा सांगितला आहे.

३

आधुनिक शरीरविज्ञानात या विषयाचा आरंभ आंबटपणापासूनच झाला, हा योगायोग मनोरंजक आहे. १७८० मध्ये स्वीडिश रसायनज्ञ शेले याने नासलेल्या दुधातून एक आम्ल वेगळे केले. तेच लॅक्टिक आम्ल, अर्थात दुग्धाम्ल. एकोणिसाव्या शतकाच्या प्रथम दशकात बर्झीलियसला ते प्राण्यांच्या मांसरसातही आढळले. १८५९ मध्ये दु ब्वा-रेमों याने विश्रांत स्नायू आणि श्रमलेला स्नायू यांची तुलना करून, श्रमाने स्नायूची प्रतिक्रिया आम्लधर्मी होते असे दाखविले. १९०७ मध्ये केंब्रिज येथे फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूवर अत्यंत काळजीपूर्वक प्रयोग केले. प्राणवायूच्या अभावी स्नायू आकुंचन पावत राहिला तर दुग्धाम्ल साठते आणि प्राणवायू मिळाल्यावर ते नाहीसे होते, हे त्यांनी सिद्ध केले. याच मार्गाने पुढे गेलेल्या ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहोफ यांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

श्वसनाच्या क्षेत्रात त्याच सुमारास रक्ताचाच पक्ष प्रबळ होत होता. १८८८ मध्ये गेपर्ट आणि त्सुंट्स यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कुत्र्याचा पृष्ठरज्जू छेदून मागील पायांचा मेंदूशी असलेला मज्जासंबंध तोडण्यात आला. नंतर ते पाय विद्युत्प्रवाहाने हलविले, तरीही श्वसन वाढले. संदेश मज्जातंतूंतून जाण्याची वाट बंद होती. म्हणून तो रक्तातूनच गेला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९०५ मध्ये जे. एस. हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी फुफ्फुसातील कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण श्वसनाचे किती सूक्ष्मपणे नियमन करते हे मानवावरील प्रयोगांनी दाखवून दिले. (भारतात येऊन स्थायिक झालेले जे. बी. एस. हॉल्डेन हे यांचे पुत्र.)

येथे दोन्ही प्रवाहांना एकच सोयीस्कर उत्तर उपलब्ध झाले. श्रमाने स्नायूत आम्ल साठते म्हणून स्नायू दुखतो. तेच आम्ल रक्तात उतरून श्वासकेंद्राला डिवचते म्हणून श्वास वाढतो. वेदना आणि धाप ही एकाच कारणाची दोन कार्ये ठरली. या उपपत्तीचा मोह मोठा होता, कारण ती सोपी होती आणि दैनंदिन भाषेलाही मानवत होती. ज्याचे अंग आंबते त्याच्या अंगात आम्ल आहे, याहून सरळ ते काय असावे? प्रयोगशाळेत तिची पीछेहाट झाल्यानंतरही व्यायामशाळांतून ती टिकून राहिली, याचे एक कारण हे असावे.

४

वस्तुतः या उपपत्तीतील उणीव शतकाच्या आरंभीच दाखविली गेली होती. अमेरिकेतील बोस्टन येथे थिओडोर हफ यांनी बोटाच्या स्नायूंवर अर्गोग्राफ या यंत्राच्या साह्याने प्रयोग केले. ट्यूरिनच्या आंजेलो मोस्सो यांनी बनविलेले हे यंत्र बोटाने उचललेल्या वजनाचा आलेख काढते. १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हफ यांनी दोन वेदना एकमेकींपासून वेगळ्या केल्या. एक, श्रम चालू असतानाच जाणवणारी आणि विश्रांतीने लवकर जाणारी. दुसरी, अनेक तासांनी उद्भवणारी आणि काही दिवस टिकणारी. पहिलीचा संबंध श्रमजन्य द्रव्यांशी जोडता येईल. परंतु दुसरीचे कारण स्नायूच्या अंतर्भागातील बारीक फाटाफूट हेच असावे, असे त्यांचे मत होते. म्हणजे मराठीत बोलावयाचे तर, अंग आंबण्यापेक्षा अंग मोडणे हे रूपक त्यांना अधिक जवळचे वाटले असते. तथापि पुढील दशके दुग्धाम्लाच्या संशोधनाने गाजली आणि हफ यांचे विवेचन मागे पडले.

ते पुन्हा पुढे आले ते अनपेक्षित दिशेने. १९५२ मध्ये अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची या तीन ब्रिटिश संशोधकांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पायडल पुढे मारावयाचे आणि दुसऱ्याने उलट्या दिशेने फिरणाऱ्या पायडलांना विरोध करावयाचा. दोघांनी लावलेले बल सारखे; परंतु विरोध करणाऱ्याला लागणारा प्राणवायू पुष्कळच कमी. पहिल्याचा स्नायू आखूड होत काम करतो, दुसऱ्याचा स्नायू लांबत असताना ताण धरतो. या दुसऱ्या प्रकारास ऋणकार्य अशी संज्ञा आहे. गड चढणे हे धनकार्य आणि उतरणे हे ऋणकार्य. चढताना दम लागतो, उतरताना लागत नाही, याचा खुलासा या प्रयोगात आहे.

यानंतरचा दुवा डेन्मार्कमधील अस्मुसेन यांनी जोडला. १९५० ते १९६० या दशकातील त्यांच्या प्रयोगांत, दुसऱ्या दिवशीची वेदना मुख्यतः ऋणकार्यानेच येते असे आढळले. येथे जुन्या उपपत्तीची पंचाईत झाली. ज्या कामात प्राणवायू कमी लागतो, दम लागत नाही आणि आम्ल फारसे साठत नाही, त्याच कामाने वेदना अधिक होते. कारण आम्ल असते तर गड चढून जाऊन दोरीच्या गाडीने खाली येणाऱ्याच्या मांड्या भरावयास हव्या होत्या, आणि गाडीने वर जाऊन पायी उतरणारा सुखी राहावयास हवा होता. प्रत्यक्षात याच्या उलट होते.

१९८३ मध्ये श्वेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट सरळ मापून दाखविली. काही जणांना फिरत्या पट्ट्यावर सपाट आणि उतरत्या अशा दोन प्रकारे ४५ मिनिटे धावावयास लावले. सपाट धावण्याने रक्तातील दुग्धाम्ल वाढले, पण पुढील दिवसांत म्हणण्यासारखी वेदना झाली नाही. उतरत्या धावण्याने दुग्धाम्ल वाढले नाही, आणि वेदना मात्र झाली. त्याआधी १९८१ मध्ये स्वीडनमधील फ्रिडेन व सहकाऱ्यांनी जिने उतरून दुखऱ्या झालेल्या पायांच्या स्नायूंचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. स्नायुतंतूंतील झेड-रेषा जागोजागी विस्कटलेल्या त्यांना दिसल्या. हफ यांचा तर्क ऐंशी वर्षांनी दृष्टिगोचर झाला.

याचा अर्थ फाटाफूट हेच वेदनेचे संपूर्ण कारण, असा नव्हे. विस्कटलेल्या तंतूंचे प्रमाण आणि वेदनेची तीव्रता यांचे काळमान एकमेकांशी जुळत नाही. जपानमधील मुरासे, मिझुमुरा आदींनी २०१० मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखविले, की ऋणकार्यानंतर स्नायूत मज्जातंतुपोषक द्रव्य वाढते आणि स्नायूतील बारीक मज्जातंतू अधिक हळवे होतात. म्हणून साधा स्पर्श किंवा साधी हालचालही वेदना म्हणून जाणवते. आपल्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. कारण त्याने वेदनेचा विषय रासायनिक साठ्यापासून मज्जातंतूंकडे नेला.

५

श्वसनाच्या वादातही मज्जातंतूंचा पक्ष दरम्यान सावरला होता. १९१३ मध्ये कोपनहेगन येथे क्रोग आणि लिंडहार्ड यांनी दाखविले, की श्रमाच्या अगदी पहिल्या क्षणीच श्वास वाढतो. स्नायूतील रक्त श्वासकेंद्रापर्यंत पोचावयास जेवढा वेळ लागतो, तेवढाही मध्ये जात नाही. त्यांनी याचे श्रेय मेंदूला दिले. मेंदू स्नायूंना आज्ञा देतो, तिचाच पडसाद श्वासकेंद्रावर उमटतो, असे त्यांचे मत होते. १९४३ मध्ये कॉमरो आणि श्मिट यांनी दुसरी बाजू मांडली. अवयव दुसऱ्याने हलविले, मनाची आज्ञा नसली, तरीही श्वास वाढतो. म्हणजे हालणाऱ्या अवयवांकडूनही वर संदेश जात असला पाहिजे.

फ्रेडरिक काओ यांनी १९६३ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गेपर्ट-त्सुंट्स यांच्या युक्तीचे जणू उलटे रूप दिसते. त्यांनी दोन कुत्र्यांचे रक्ताभिसरण एकमेकांशी असे जोडले, की एका कुत्र्याच्या काम करणाऱ्या पायांतील रक्त दुसऱ्याच्या शरीरात जावे, परंतु त्या पायांचे मज्जातंतू मात्र पहिल्याचेच राहावेत. श्रमातील रसायने पहिल्याच्या मेंदूपर्यंत पोचत नव्हती. तरीही पहिल्याचे श्वसन वाढले. १९७२ मध्ये मॅक्क्लॉस्की आणि मिचेल यांनी मांजरांवरील प्रयोगांत हे काम कोणत्या तंतूंचे आहे तेही निश्चित केले. जाड तंतू रोखले तरी प्रतिक्षेप चालू राहतो. बारीक तंतू रोखले की तो थांबतो. या बारीक तंतूंना तिसऱ्या व चौथ्या गटाचे तंतू म्हणतात. स्नायूतील वेदना वर पोचविणारे तंतू याच गटांतील आहेत.

मानवातील पुरावा २०१० मध्ये मिळाला. अमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकल चालविणाऱ्या निरोगी व्यक्तींच्या कमरेच्या मणक्यांत फेंटानिल हे औषध टोचून पायांकडून येणारे हे संदेश मंद केले. परिणाम असा झाला, की श्रम तेवढाच असूनही श्वसन अपुरे पडू लागले आणि शरीरात कार्बन डाय-ऑक्साइड साचू लागला. पायांतील हे तंतू केवळ तक्रार करणारे नसून श्वसनाच्या नित्य व्यवहारातील भागीदार आहेत, हे यावरून स्पष्ट झाले.

मात्र यामुळे रक्ताचा पक्ष खोटा ठरला असे समजणे चुकीचे होईल. दोन्ही यंत्रणा एकत्र काम करतात. एक रोखली तर दुसरी बरेचसे काम सांभाळून घेते, म्हणूनच प्रत्येक पक्षाला आपापल्या बाजूचा पुरावा मिळत गेला.

६

आता संगमाकडे वळू. ज्या तंतूंनी श्वास वाढतो तेच तंतू दुखऱ्या स्नायूत हळवे झालेले असतात. तेव्हा दुखऱ्या पायांनी काम करणाऱ्याचा श्वास अधिक वाढला पाहिजे, असे अनुमान निघते. शिवाय या परिस्थितीत संशोधकाला एक दुर्मीळ सोय मिळते. माणूस तोच, काम तेच, सायकल तीच. बदललेली आहे ती केवळ स्नायूची अवस्था.

१९९५ मध्ये ग्लीसन व सहकाऱ्यांनी ऋणकार्यानंतर दोन दिवसांनी सायकल चालविणाऱ्यांची तपासणी केली. श्वसन, हृदयाचे ठोके आणि श्रमाची जाणीव ही तिन्ही वाढलेली आढळली. पण त्याबरोबर रक्तातील दुग्धाम्लही वाढलेले होते. हा मौजेचा उलटफेर आहे. आम्ल हे वेदनेचे कारण म्हणून बाद झाले आणि दुखावलेल्या स्नायूच्या कार्याचा परिणाम म्हणून परत आले. साहजिकच, श्वास आम्लामुळे वाढला की तंतूंमुळे, हा प्रश्न अनिर्णीत राहिला.

२००३ मध्ये ब्राउन आणि डट्टो यांनी धावणाऱ्यांचा अभ्यास केला. उतारावर धावल्यानंतर ४८ तासांनी तेच लोक सपाट पट्ट्यावर धावले तेव्हा त्यांची ढांग आखूड झाली होती आणि प्राणवायूचा खर्च व श्वसन दोन्ही वाढले होते. येथे निराळाच मार्ग दिसतो. दुखरा पाय मनुष्य जपून टाकतो, चाल बिघडते, बिघडलेली चाल महाग पडते, आणि त्या महागाईची किंमत श्वासाला द्यावी लागते.

हे तिढे सोडविण्याच्या दृष्टीने पुढील दोन अभ्यास अधिक उपयुक्त ठरले. २००६ मध्ये जपानमधील होत्ता व सहकाऱ्यांनी श्रमाच्या अगदी आरंभीच्या क्षणांकडे लक्ष दिले, म्हणजेच क्रोग आणि लिंडहार्ड यांनी निवडलेल्या क्षणांकडे. ऋणकार्यानंतर दोन दिवसांनी, पाय हलविण्यास सुरुवात करताच होणारी श्वसनाची वाढ अधिक मोठी आढळली. एवढ्या अवधीत रक्ताला काही सांगावयास सवडच नसते. २००९ मध्ये डेव्हिस, रोलंड्स आणि एस्टन यांनी वजन घेऊन काढलेल्या बैठकांनंतर ४८ तासांनी सायकलीवर परीक्षा घेतली. सायकलीच्या पायडलाची वाट ठरलेली असल्याने चाल बिघडण्यास तेथे फारसा वाव नसतो. या परीक्षेत प्राणवायूचा वापर बदलला नाही. श्वसन आणि श्रमाची जाणीव मात्र वाढली. शरीराची गरज तेवढीच, पण श्वास अधिक. ही अधिकाची मागणी चयापचयाची नाही. ती मज्जासंस्थेची आहे, असे म्हणण्यास येथे भक्कम आधार मिळतो.

ती मागणी खालून, म्हणजे दुखऱ्या स्नायूच्या हळव्या तंतूंकडून येते, की वरून, म्हणजे दुबळ्या झालेल्या स्नायूकडून तेवढेच काम करवून घेण्यासाठी मेंदूला द्याव्या लागणाऱ्या जादा आज्ञेतून येते, हा प्रश्न मात्र उरतोच. ऋणकार्यानंतर स्नायूची शक्ती काही दिवस घटलेली असते, हे लक्षात घेता दुसरी शक्यताही दुर्लक्षिण्यासारखी नाही. १९१३ आणि १९४३ मधील मतभेद अशा रीतीने दुखऱ्या मांडीच्या निमित्ताने पुन्हा समोर उभा राहतो.

७

या इतिहासातून दोन गोष्टी ध्यानात घ्यावयाच्या आहेत.

पहिली व्यावहारिक आहे. दुखऱ्या अंगाने सरावास आलेला खेळाडू लवकर धापा टाकू लागला, तर ‘याच्यात दम नाही’ असा निवाडा देण्याची प्रवृत्ती असते. वरील पुराव्यावरून तो निवाडा अन्यायाचा ठरण्याचा संभव आहे. त्याच्या फुफ्फुसात किंवा हृदयात काही उणे झालेले नसते. पायांकडून जाणारा अथवा पायांकडे येणारा संदेश तेवढा मोठा झालेला असतो. काही दिवसांत तो ओसरतो, आणि तेच ऋणकार्य पुन्हा केले असता वेदना पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी होते, हेही आता सुस्थापित आहे. श्वास हे श्रमाचे माप खरे. पण ते माप घेण्यापूर्वी स्नायूची कालपरवाची हकीकत विचारली पाहिजे.

दुसरी गोष्ट अभ्यासपद्धतीची आहे. लोकभाषेतील शब्दांत निरीक्षण साठविलेले असते, सिद्धान्त नव्हे. ‘अंग आंबणे’ या प्रयोगाने जडत्वाचे आणि अस्वस्थतेचे यथातथ्य वर्णन केले. त्यातून आम्लाचा सिद्धान्त वाचणे हा वाचणाऱ्याचा दोष. ‘अंग मोडणे’ या प्रयोगाला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दुजोरा दिला, असे म्हणणे हाही तितकाच भाबडेपणा होईल. मात्र श्वास आणि श्रमाची जाणीव यांना ‘दम’ या एका शब्दात गोवताना भाषेने जे साहचर्य टिपले आहे, ते २००९ च्या परीक्षेतही दिसते : प्राणवायूचा खर्च स्थिर राहिला तरी श्वसन आणि श्रमाची जाणीव बरोबरीने वाढली. अशा साहचर्याची नोंद शब्दात सापडते. त्याचे कारण शोधण्यासाठी मात्र दोन सायकली, एक साखळी आणि शंभर वर्षांची चिकाटी लागते.